आबांची थोरली मुलगी

आक्का,

तुला जाऊन आता दोन महिने होत आले आणि मला अजून रडू आलेलं नाही. लोकांना वाटतं, शिकलेली बाई आहे, आवरून धरते. आवरायला आत काही असावं लागतं. मी शाळेत जाते, मुलांकडून पाढे म्हणून घेते, बेळगावच्या कॅम्पातल्या घरी परत येते, भात चढवते. परवा भात उतू जाऊन स्टोव्ह विझायला आला आणि मी समोर उभी राहून बघत होते. ह्यांनी आत येऊन पातेलं उतरवलं. 

तुझ्या मंगलचा निरोप आला त्या दिवशीही असंच होतं. तुला कावीळ झाली आहे, झाडपाल्याचं औषध चालू आहे, एवढंच मला कळलेलं. रविवारी येऊन तुला बेळगावला आणायचं, असं मी ठरवलं होतं. रविवार यायच्या आधी गावाकडचा माणूस दारात उभा राहिला. निपाणीच्या गाडीत बसले तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं चाललात? मी म्हटलं, बहिणीकडं. तिनं विचारलं, काही कार्य आहे? मी म्हटलं, हो.

पोचले तेव्हा तुला न्हाऊ घातलेलं होतं. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळभर हळद. आणि भोवती बायकांचा वाद चाललेला. तुझ्या गळ्यातल्या लाल-पांढऱ्या मण्यांवरून, देवाला सोडताना बांधलेल्या त्या दर्शनावरून.

भागामावशी म्हणत होती, "देवाची सवाष्ण हाय ती. तिला रांडवपण न्हाय. दर्शन हाय तसं ऱ्हाऊ द्या."

ज्यांची घरं बौद्ध झाली आणि घरातले देव गेले त्या तरुण बायका म्हणत होत्या, "काढा ते. जित्तेपणी काढलं न्हाय, आता तरी मोकळी करा तिला."

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी मास्तरीण. मी मंगलकडं बघितलं. एकोणीस वर्षांची तुझी पोरगी, सकाळपासून पाणी तापवून तापवून तिचे हात लाल झाले होते. ती पुढं आली, तुझ्या गळ्याशी हात नेला, मणी सरळ केले आणि म्हणाली, "तिच्यासंगं जाऊ दे ते. हितं ठिवून कुणाच्या गळ्यात घालायचंय?"

 तुझ्याबरोबर ते मातीत गेलं.

तुला देवाला सोडायला डोंगरावर नेलं तेव्हा मी सहा वर्षांची असेन, तू दहा-अकराची. मला ते लग्नच वाटलं होतं. तुला नवं हिरवं लुगडं, अंगाला हळद, लिंबाचा पाला, वाजंत्री. मी आईला विचारलं, आक्काचा नवरा कुठाय? आईनं मला मांडीवर ओढलं आणि माझं तोंड पदरात दाबून धरलं, इतकं घट्ट की मला श्वास घेता येईना. नवरा नव्हताच. होती ती जमीन. आपल्या दोघींनंतर आईला मूल झालं नाही. दोघी लग्न होऊन गेल्या की आबांचे दोन्ही तुकडे, विहिरीकडचा आणि माळाचा, काकांच्या पोरांकडं जाणार, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. पोरगी देवाला सोडली, तर मात्र ती बापाच्या घरात राहते आणि रिवाजानं पोरगा ठरते. काकांनी पंचांसमोर तसं कबूल केलं. डोंगरावरून परत आल्यावर आबा तुला म्हणाले, "आता तू माझा ल्योक."

आणि त्यांनी तुला लेकासारखं ठेवलं, हे खरंच. तू त्यांच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवायचीस. मी आणि आई मागनं. मला तुझा हेवा वाटायचा आक्का. लई हेवा वाटायचा. तू कुणाच्या घरी जाणार नव्हतीस, भांडी घासताना तुला कुणी ओरडत नव्हतं. त्या बदल्यात काय गेलं, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. मंगलच्या बापाबद्दल तू कधी बोलली नाहीस. निपाणीत त्याची तंबाखूची वखार होती, आधी यायचा, मग यायचा बंद झाला. गावाला जेवढं माहीत होतं तेवढंच मलाही. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस, आणि आता ते तसंच राहणार.

मला शाळेत तू घातलंस. आबांना म्हणालीस, "मी हाय की रानात. हिला कशाला आनताय? ही शिकू दे." बेळगावला ट्रेनिंगला गेले तेव्हा तू शेंगांचं पोतं डोक्यावर घेऊन स्टँडवर आलीस. तंबाखूचे शेंडे खुडून तुझी बोटं काळी, चिकट झालेली. गाडी सुटताना खिडकीतून मला हात लावायचा होता तुला, पण माझं पातळ खराब होईल म्हणून हात मागं घेतलास.

मग माझं लग्न झालं. ह्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, घरात देव नाही, अंगारा नाही, उपास नाही. तू यायचीस तेव्हा पदर गळ्यापर्यंत ओढून बसायचीस. सासूबाईंना सगळं माहीत होतं. वाईट वागल्या नाहीत, पण त्यांची नजर पदरावर जायची. एकदा मी तुला स्वयंपाकघरात म्हटलं, "आक्का, काढून टाक ना ते मणी. कोण काय करणार आहे?"

"तुमी देव सोडला," तू म्हणालीस. "मला देवानं कुठं सोडलंय?"

"देवानं काही धरलेलं नाही. माणसांनी धरलंय."

"मग मानसांस्नी सांग की जाऊन. मला कशाला सांगतीस?"

मी पुढं काय म्हणणार होते ते आता आठवत नाही. बाहेरून सासूबाईंनी चहा मागितला.

आई गेली, तिच्यामागं काही वर्षांनी आबा गेले. तोवर सगळं सुरळीत होतं असं आपल्याला वाटत होतं. जमीन तू कसत होतीस, तंबाखू तू घालत होतीस, शेंग तू काढत होतीस. कागदावर आबांचंच नाव होतं. तू वारस म्हणून नाव लावायची वर्दी द्यायला चावडीत गेलीस तेव्हा तलाठी म्हणाला, नवऱ्याचं नाव सांगा. तू तशीच परत आलीस. पुन्हा गेली नाहीस.

मग देवाला पोरी सोडायला सरकारनं बंदी केली. गावात गाडी आली, साहेब आले, भाषण झालं. त्या दिवशी मी गावी आले होते. तू मागं उभी राहून ऐकलंस आणि घरी येऊन मला म्हणालीस, "बरं झालं गं. आता कुनाची पोर जानार न्हाय." त्याच आठवड्यात मारुती आला. काकांचा थोरला पोरगा, आपला चुलतभाऊ, लहानपणी ज्याला तू पाठीवर घेऊन फिरवलंस तो. दोन माणसं बरोबर घेऊन ओट्यावर बसला.

"आक्का, राग धरू नगंस," मारुती म्हणाला. "पर सरकारच म्हनतंय ह्ये समदं खोटं. देवाचं सोडनं खोटं, तर तुझं पोरगा असनंबी खोटंच की. मग ही जमीन भाऊबंदांची झाली. तू ऱ्हा घरात. तुला कोन हाकलत न्हाय."

 दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बेळगावला माझ्याकडं आलीस आणि दारातच म्हणालीस, "शांते, मी आता कोन हाय गं? पोरगी बी न्हाय, पोरगा बी न्हाय."

आपण चिकोडीला गेलो ते मला आज सगळ्यात जास्त आठवतं. कोर्टासमोरच्या बोळात ते वकील बसायचे. म्हातारे होते, कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून सगळं मोठ्यानं विचारत होते. बाहेर बसलेल्या पक्षकारांना आपलं सगळं घर ऐकू जात होतं.

"वडलांना मुलगा?"

"न्हाय."

"भावाशी वाटणी झालेली?"

"कवाच. आमी ल्हान असताना."

"मुली किती?"

"दोगी," तू म्हणालीस. "पर ही लगीन होऊन गेलीया. मी घरातली. मला देवाला सोडलीया, म्हनून मी पोरगा. आता मारुती म्हनतो त्ये खोटं झालं."

वकिलांनी चष्मा काढला. "बाई, त्याचा इथं काही संबंधच नाही. देवाला सोडा नाहीतर लग्न करून द्या, मुलगी ती मुलगी. बापाच्या मागं मुलींना मिळतं. दोघींना सारखं. आणि तुमच्या मागं तुमच्या पोरीला. आईकडून येतं तिला, तिचा बाप कोण हे कुणी विचारायचं कारण नाही."

"पोरगी असून?"

"पोरगी असून. त्या भावाला काही मिळत नाही. केस सोपी आहे तुमची."

मला आनंद झाला होता आक्का. मी तुझा हात धरला. तुझा हात थंड होता.

"ह्यो कायदा आता आला?" तू विचारलंस. "बंदीबरबर?"

"छे हो. छप्पन सालचा."

तू माझ्याकडं वळलीस. "शांते, छप्पन म्हंजी कवा गं?"

"बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते साल."

"आनि मला डोंगरावर न्हेलं ते?"

त्याच्या दोन-तीन वर्षांनंतर. मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. आपली शाळा कानडी करणार म्हणून गावात आरडाओरड चालली होती त्या साली.  वकिलांनी दुसरी फाईल उघडली होती. तसे ते वाईट नव्हते. त्यांच्यापुरतं काम खरंच सोपं होतं. तू उठलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, "चल, गाडी चुकंल."

गाडीला पुष्कळ वेळ होता. स्टँडवर आपण चहा घेतला. तू बशीत ओतलास आणि तो तसाच ठेवलास. त्यावर साय धरली. मग गाडीत, गाव यायच्या थोडं आधी, खिडकीबाहेर बघत तू म्हणालीस, "आबाला ठावं न्हवतं."

मी म्हटलं, "कुणाला तरी ठाऊक असणार. काकांना असेल. पंचांत शिकलेलं कुणी असेल."

"असंल. आबाला न्हवतं."

"विचारायचं तरी. पोरगी देवाला सोडायच्या आधी कुणाला तरी विचारायचं."

"कुनाला इचारनार हुता त्यो? तू शिकलीस, तू इचारतीस. त्यो कुनाला इचारनार?" तुझा आवाज चढला. पुढच्या बाकावरचा माणूस मागं वळून बघायला लागला. "माझ्या बापाला काय म्हनू नगंस शांते."

मी विषय सोडला. पण मी तुझं मान्य केलं नव्हतं, आजही केलेलं नाही. एका माणसाला माहीत नसतं हे मला समजतं. पंच होते, काका होते, वाजंत्री होते, अख्खं गाव डोंगरावर आलं होतं, आणि त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, हे कसं मानू? हे तुझ्याशी बोलायचं राहून गेलं. प्रत्येक वेळी भेटलो की मी ते बोलायचं ठरवायची, आणि तू शेंगा निवडत असायचीस, नाहीतर मंगलची वेणी घालत.

वर्दी द्यायची वेळ आली तेव्हा आपलं दुसरं भांडण झालं. मी म्हटलं, माझं नाव नको, सगळं तुझ्या नावावर होऊ दे, मी हक्क सोडते. तू कसतेस, तू राबलीस. मला वाटलं होतं तू बरं म्हणशील. तू भडकलीस.

"तुझं नाव लागलंच पायजे."

"मला जमीन काय करायचीय आक्का?"

"तू काय बी करू नगंस. नाव लाव. माझ्या एकटीचं नाव लागलं तर गाव म्हनंल, देवाची म्हनून मिळालं हिला. दोगींचं लागलं तर म्हनतील, आबाच्या पोरी हायत, म्हनून मिळालं."

 मी सही केली. इतकी वर्षं मी वर्गात किती काय शिकवलं, पण एखादी गोष्ट इतकी नीट मला कुणाला सांगता आली नाही.

मारुतीनं हरकत घेतली आणि तहसीलदारांसमोर उभं राहायची पाळी आली. तिथं सगळं कानडीत चाललं होतं. कारकुनानं तुझं नाव पुकारलं आणि साहेबांनी मान वर न करता मराठीत विचारलं, तुम्ही मयताच्या कोण? मला भीती वाटली, तू सवयीनं काहीतरी दुसरंच बोलशील. तू पदर डोक्यावर घेतलास, गळ्यातले मणी झाकलेसुद्धा नाहीस, आणि म्हणालीस, "मुलगी. थोरली."

साहेबांनी लिहून घेतलं. दोघींची नावं लागली. परत येताना तू मंगलसाठी टिकल्या घेतल्यास, माझ्यासाठी चाफा घेतलास, आणि गाडीत झोपून गेलीस. माझ्या खांद्यावर डोकं टाकून. मी तुला झोपलेली किती वर्षांत बघितली नव्हती.

त्यानंतर मला वाटलं होतं तू मणी काढशील. काढले नाहीस. मी पुन्हा विचारलं नाही.

तुझ्या तिसऱ्या दिवशी, माती सावरून आल्यावर, मारुती माझ्याजवळ येऊन बसला. हात जोडले. तुझ्या आठवणी काढल्या, खऱ्या होत्या त्या. मग हळूच म्हणाला, "शांताक्का, आता आक्काच्या मागं तूच. सख्खी भन. मंगलचं काय, तिच्या बापाचं नाव कुठं हाय कागदाला? तू एकटीच वारस म्हनून सही कर, समदं तुझ्या नावावर हुतंय. तू काय बेळगाव सोडून कसायला येनार न्हाईस. माळाचा तुकडा मला कसायला दे. मंगलचं लगीन मी करून देतो, माझ्या पोरीवानी."

मंगल आत चूल पेटवत होती. ऐकू जात होतं तिला. फुंकणीचा आवाज थांबला होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी फक्त त्याच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मला दिसत होतं की ह्याचे कान काकांसारखे आहेत.

"मंगल कुणाची रं, मारुती?" मी विचारलं.

"आक्काची."

"मग झालं की."

एवढंच बोलले मी. तो टोपी झटकून उठला. आत फुंकणी पुन्हा वाजायला लागली.

पुढच्या सोमवारी रजा टाकून मी मंगलला घेऊन चावडीत गेले. तलाठी नवा आहे, धारवाडकडचा पोरगा, मराठी मोडकंतोडकं बोलतो. "हेसरू?" त्यानं विचारलं. तिनं नाव सांगितलं. "बापाचं?" त्यानं विचारलं. वाईट हेतूनं नव्हे, कागदात तशी जागा असते म्हणून. मी बोलायला तोंड उघडलं, तर मंगलनं माझ्या हातावर हात ठेवला.

"जमीन आईकडनं आलीया न्हवं?" मंगल त्याला म्हणाली. "मग आईचं लिवा."

त्यानं पेन थांबवलं. असं चालतं का, म्हणून आत जुन्या कारकुनांना, अण्णांना, विचारून आला. आतून आवाज आला, "बरी, बरी." म्हणजे लिही, लिही. आणि त्यानं कानडीत तुझं नाव लिहिलं. मला कानडी जेमतेम येतं. अक्षर लावून लावून मी ते वाचलं. तुझं नाव इतकं लांब आहे हे मला माहीत नव्हतं. आपण सगळे आक्काच म्हणायचो.

हरकतीची मुदत गेली. मारुती हरकत घ्यायला आला नाही. का आला नाही, ते मला कळलं नव्हतं. काल नोंद कायम झाली, तिचा उतारा घ्यायला मी गावी आले होते. मंगलनं विहिरीकडच्या तुकड्यात तंबाखूच्या रोपांचा तरवा लावलाय, माळावर शाळू पेरायचं म्हणते. माझ्याकडं बेळगावला चल म्हटलं तर म्हणाली, "येईन की मावशी, सुगी झाल्यावर." तू असंच म्हणायचीस आणि राहायला कधी यायची नाहीस. ती येईल असं वाटतं.

संध्याकाळच्या गाडीसाठी मी फाट्यावर उभी होते. मारुतीची बायको सुमन डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन रस्त्यानं आली. मला बघून थांबली. भारा उतरवला. मला वाटलं, आता भांडणार. तिनं आधी रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघून घेतलं.

"शांताक्का, एक इचारू? ह्येंस्नी सांगू नगंस."

"विचार की."

"मला तिघी पोरीच. पोरगा न्हाय, आता हुनारबी न्हाय. सासूबाई म्हंत्यात, धाकटीला गुपचूप सोडून यायचं. बंदी हाय तर रातचं न्ह्यायचं, कोन बघतंय. न्हायतर समदं धाकट्या दिराच्या पोरांस्नी जातंय म्हनं. ह्ये काय बोलत न्हाईत. चावडीत आक्काच्या मंगलचं नाव लागलं म्हनल्यापास्नं तर गप्पच हायत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "खरंच पोरींस्नी मिळतंय व्हय गं?"

"मिळतं. तिघींनाही. सारखं."

"लगीन करून दिलं तरी?"

"तरी."

"आनि धाकटीला न सोडता?"

"न सोडता."

 गाडी आली, मी चढले, खिडकीतून मागं बघितलं तर ती अजून भाऱ्याजवळ उभी होती. मारुती तिचं ऐकेल का, सासू ऐकेल का, मला माहीत नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे, सुमनच्या घरी, उघड, मारुतीच्या समोर बसून हेच सांगणार आहे. त्याला नको असलं तरी.

फार काही बोलावं लागलं नाही आक्का. रस्त्याच्या कडेला उभं राहून, गाडी यायच्या आत सांगून झालं. त्या साली तुझ्यासाठी एवढं सांगायला आबांकडं कुणी आलं नाही.